नवीन लॉट आला की आधी जुन्या वीस गोळ्या बाहेर काढा

आधी शब्दांचा घोळ मिटवून टाकतो, कारण मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. इथे गोळी म्हणजे फक्त ती तांब्याचं जॅकेट आणि आत शिसं असलेली, नळीतून उडून टार्गेटवर जाणारी. पुंगळी म्हणजे पितळेची केस. पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी), पावडर (दारू) आणि गोळी असं सगळं जोडून जे तयार होतं ते काडतूस. हे काडतूस घरच्या बेंचवर स्वतः भरायचं म्हणजे हँडलोडिंग. मी ओहायोत राहतो, इथे स्वतःच्या वापरासाठी भरायला वेगळं लायसन लागत नाही. भारतात दारूगोळा बनवायला आर्म्स अ‍ॅक्टखाली परवाना लागतो, त्यामुळे गावाकडच्या मित्रांनी हे वाचून घरी प्रयोग करू नयेत, नुसतं मोजमापाची गंमत म्हणून वाचा.

मी मूळचा भोसरीतल्या टूलरूमचा, आठ वर्षं क्वालिटीत काढली. इथे आल्यावर एका सहकाऱ्याच्या नादाने एफ-क्लासला लागलो. एफ-क्लास म्हणजे पालथं पडून, पुढे रेस्ट आणि मागे वाळूची पिशवी लावून, दुर्बिणीने लांब पल्ल्याची नेमबाजी. त्यातला एफ म्हणजे फारक्हार्सन, जॉर्ज फारक्हार्सन नावाच्या कॅनडाच्या गृहस्थाने हा प्रकार सुरू केला. १००० यार्डांवर एक्स रिंग, म्हणजे टार्गेटचा अगदी मधला गोल, ५ इंचाची, दहाची रिंग १० इंचाची. म्हणजे साधारण पाऊण किलोमीटरच्या पुढे पाऊण किलोमीटरचा आणखी पाचवा भाग चालत जा आणि तिथे एक बशी ठेवा, तिच्यात मारायचंय.

माझी रायफल ७ मिलिमीटरची आहे, गोळी १८० ग्रेनची. ग्रेन ऐकून लोक दचकतात पण आपल्याला हे माप परकं नाही हो, तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे मी दर वेळी एक तोळा उडवतो, सुदैवाने सोन्याचा नाही. एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त, ६४.८ मिलिग्रॅम. माझी बायको पहिल्यांदा मला वजनकाट्यापुढे बघून म्हणाली होती, "सोनाराचं दुकान काढतोयस का?" तिला काय सांगणार.

आता मुद्द्यावर. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच पार्ट नंबरची गोळी असते, पण डब्यावरच्या स्टिकरवर लॉट नंबर बदलला की ती गोळी पूर्णपणे तीच राहत नाही. यात कोणाची लबाडी नाही. तांब्याच्या पत्र्याची छोटी वाटी ओढत ओढत लांब करून जॅकेट होतं, आत शिशाच्या तारेचा तुकडा दाबून बसवतात, मग डायमध्ये (साच्यात) घालून नाकाला वळण देतात. डाय घासली जाते, पॉलिश होते, बदलली जाते, जॅकेटचा कॉइल बदलतो. ज्यांनी प्रेसशॉप पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. आणि कधीकधी दोन प्रेसचा माल एकाच लॉटमध्ये पडतो, त्याची गंमत पुढे येईलच.

मी शिकलो तो मार खाऊन. दुसऱ्या सीझनला जुन्या डब्यात चाळीसेक गोळ्या उरल्या होत्या, त्या नवीन डब्यातल्या गोळ्यांबरोबर एकत्र भरल्या, सगळ्या एकाच खोक्यात, आणि गेलो मॅचला. वारा शांत होता, बाजूचा म्हातारा एक्समागून एक्स मारतोय आणि माझे शॉट एक मध्यावर, एक वरती, परत मध्यावर, परत वरती, मी आपला श्वास, ट्रिगर, पिशवी सगळ्याला शिव्या घालतोय. घरी येऊन दोन्ही लॉट वेगवेगळे भरून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मारले तर सरासरी वेगात सेकंदाला १४ फुटांचा फरक. माझ्या गोळीला १००० यार्डांवर तेवढ्याने तीन-साडेतीन इंच वरखाली होतं. एक्स रिंगच मुळात ५ इंच, म्हणजे निम्म्याहून जास्त मी घरूनच घालवून आलो होतो.

तर पहिला नियम, आणि बाकी सगळं विसरलात तरी हा विसरू नका: चालू लॉट संपायच्या आधी त्यातल्या वीस गोळ्या बाजूला काढा, छोट्या डबीत घाला, वरती लॉट नंबर आणि तारीख लिहा आणि त्यांना हात लावू नका. ह्या तुमच्या मास्टर पीस. टूलरूममध्ये मास्टर असतो तसाच, बाकी सगळं ज्याच्याशी ताडायचं तो. कारण असं बघा, मागच्या वर्षी वहीत लिहिलेलं माप आणि आज मोजलेलं माप यांची तुलना करायची तर मधे डिजिटल कॅलिपरचा सेल बदललेला असतो, कम्पॅरेटर (कॅलिपरची जोड, पुढे सांगतो) परत बसवलेला असतो, तुमच्या अंगठ्याचा दाबसुद्धा बदललेला असतो. आकडा एकटा काही सांगत नाही, एकाच बैठकीत, एकाच हाताने, एकाच गेजने मोजलेल्या दोन लॉटमधला फरक सांगतो. लोक मला विचारतात तुझा बेस-टू-ओजाइव्ह (गोळीच्या बुडापासून नाकाच्या वळशापर्यंतचं माप) किती येतो, मी सांगत नाही, कारण माझा आकडा तुमच्या काहीच उपयोगाचा नाही.

आता हे ओजाइव्ह काय प्रकरण आहे. गोळीच्या नाकाचा जो वळसा असतो तो ओजाइव्ह. त्याच्या खाली सरळ नळकांडं, जे रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) घासत जातं, ते बेअरिंग सरफेस. त्याच्या खाली मागचा निमुळता भाग, बोटटेल. टोकापासून बुडापर्यंतची पूर्ण लांबी मोजून लॉट तपासू नका, कारण या मॅच गोळ्यांचं टोक हे जॅकेटचं उघडं तोंड असतं, ते खडबडीत असतं, एकाच डब्यात त्यात दहा-पंधरा थाउ इकडेतिकडे आरामात सापडतात. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन, भोसरीवाल्यांसाठी.) बंदुकीला टोकाशी देणंघेणं नाही, नळीत गोळी पहिल्यांदा टेकते ती ओजाइव्हवर.

म्हणून कम्पॅरेटर. डोळ्यासमोर गाजर आणि बांगडी आणा. बांगडी गाजराच्या टोकाकडून सरकवत आणली तर जिथे अडकेल ती जागा गाजराच्या जाडीवर ठरते, लांबीवर नाही. कम्पॅरेटर म्हणजे ती बांगडी, कॅलिपरच्या जबड्याला स्क्रूने बसवायची. बुडापासून बांगडी अडकते तिथपर्यंतचं माप म्हणजे बेस-टू-ओजाइव्ह. दोन वेगळ्या कंपन्यांच्या ७ मिलिमीटरच्या बांगड्यांची भोकं सारखी नसतात, एकाच कंपनीच्या दोन बांगड्यांमध्ये (इन्सर्टमध्ये) सुद्धा फरक निघतो, म्हणून दोन्ही लॉट एकाच इन्सर्टने, मधे स्क्रू न सोडता.

मोजायच्या आधी स्वतःला मोजा. एकच गोळी घ्या आणि दहा वेळा काढून परत लावून मोजा, दर वेळी कॅलिपर पूर्ण उघडून, आणि आकडे लिहा. दहाच्या दहा एका थाउत आले तर ठीक. दोन थाउत फिरत असतील तर तुम्ही एक-एक थाउच्या ढिगाऱ्या लावणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं, तुम्ही गोळ्या नाही तर आपल्याच हाताची थरथर वेगळी करताय. साध्या डिजिटल कॅलिपरवर अर्धा थाउ दिसतो पण दिसणं आणि खरं असणं यात फरक आहे, त्याची खात्रीची अचूकता एक थाउच्या आसपासच असते. मी नंतर डायल इंडिकेटर लावलेला स्टँड घेतला, त्यात गोळीवरचा दाब दर वेळी सारखा येतो, अंगठ्याचा प्रश्न मिटतो. कॅलिपरच असेल तर गोळी जरा फिरवत फिरवत बसवा आणि दर पाच गोळ्यांनी शून्य परत बघा. आणि गराजमधून आणलेला थंडगार डबा लगेच मोजायला घेऊ नका, गोळ्या आणि कॅलिपर रात्रभर एकाच खोलीत राहू द्या.

नमुना किती? मी ५०० च्या डब्यातून ३० घेतो, पण वरच्या वर ३० नाही, थोड्या वरून, थोड्या मधून, थोड्या तळातून, कारण डब्यात माल ज्या क्रमाने पडला त्या क्रमाने पडलेला असतो. दोन डबे असतील तर दोन्हीतून. मग मास्टरच्या वीस आणि नवीन तीस, आलटून पालटून मोजायचे, एक जुनी, एक नवी. आधी सगळ्या जुन्या आणि मग सगळ्या नव्या असं केलं की मधे शून्य सरकलं तर ते लॉटचा फरक म्हणून दिसतं. हे कोणी सांगत नाही आणि सगळे इथेच फसतात.

आकडे एक्सेलमध्ये टाका पण नुसती सरासरी काढून उठू नका, कागदावर टिंबं मांडून बघा. माझ्या एका लॉटची सरासरी जुन्या लॉटपेक्षा फक्त २ थाउ जास्त होती, मी खूश. टिंबं मांडली तर मधे रिकामं आणि दोन बाजूंना दोन टेकड्या, एक जुन्या लॉटच्या जागीच, दुसरी ५ थाउ पुढे. सरासरीएवढी गोळी त्या डब्यात जवळपास नव्हतीच! दोन डायचा माल एकत्र आला असणार. अशा वेळी लॉट फेकायचा नसतो, उलट सोपं काम असतं, दोन डब्यांत दोन टेकड्या वेगळ्या करायच्या आणि त्यांना दोन लॉट समजायचं.

बेस-टू-ओजाइव्ह वाढलं तर ते कुठे वाढलं हे पण बघायला लागतं. बेअरिंग सरफेस लांब झालाय की बोटटेल? त्यासाठी दोन बांगड्या लागतात, एक नाकाकडून आणि एक बोटटेलकडून, मधलं अंतर म्हणजे बेअरिंग सरफेस (तेही तुलनेपुरतंच, खरं माप नाही). बेअरिंग सरफेस लांब म्हणजे नळीशी घर्षण वेगळं, दाब आणि वेग थोडा वेगळा. बोटटेल लांब म्हणजे गोळीचं बूड पुंगळीत जास्त आत जातं, पावडरची जागा थोडी कमी होते.

आता जी गोष्ट मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला ती. सीटिंग डाय म्हणजे गोळी पुंगळीत दाबून बसवणारं साधन. तिचा दांडा गोळीला टोकाजवळ टेकतो, वळशाच्या बारीक भागावर. नळीतलं रायफलिंग टेकतं बरंच खाली, वळशाच्या जाड भागावर. ह्या दोन जागांमधलं अंतर प्रत्येक लॉटमध्ये सारखं असेलच असं नाही. डायचा मायक्रोमीटर तुम्ही हलवलाच नाही, गेल्या वर्षी होता तिथेच आहे, तरी नवीन लॉटच्या गोळीचं नाक जरा बोथट असेल, म्हणजे ते अंतर कमी असेल, तर तयार काडतुसात ओजाइव्ह रायफलिंगच्या जास्त जवळ येऊन बसतो. तुम्ही १५ थाउ जंप, म्हणजे ओजाइव्ह आणि रायफलिंग यांतलं मोकळं अंतर, ठेवून बसलाय आणि प्रत्यक्षात ११ झालीय. आणि ज्यांनी जंप ५ थाउ ठेवलीय त्यांची गोळी थेट रायफलिंगला टेकू शकते, मग दाब वाढतो, हे धोक्याचं आहे. म्हणून नवीन लॉटच्या पाच गोळ्या जुन्याच सेटिंगवर रिकाम्या पुंगळीत, प्रायमर नाही, पावडर नाही, बसवून बघा आणि काडतुसाच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंतचं माप जुन्या लॉटच्या डमीशी ताडा. फरक असेल तर डाय तेवढीच फिरवा. माझ्याकडे प्रत्येक लॉटची एक डमी आहे, वरती परमनंट मार्करने लॉट नंबर लिहिलेला.

इथे एक पण आहे. नळीचा घसासुद्धा झिजत असतो, रायफलिंग पुढे पुढे सरकत जातं. म्हणून रायफलिंगपर्यंतचं अंतर परत मोजायचं तर एकाच दिवशी, जुन्या मास्टर गोळीने आणि नव्या गोळीने, दोन्हीने मोजा. नाहीतर हजार राउंडची झीज तुम्ही बिचाऱ्या नव्या लॉटच्या नावावर लावाल. मास्टरचा हा दुसरा उपयोग.

वजनाबद्दल लोक फार हळवे असतात, मी नाही. लॉटच्या सरासरीत ०.२ ग्रेनचा फरक म्हणजे १८० मध्ये ०.११ टक्के, त्याने वेग सेकंदाला दीडेक फूट बदलेल, १००० यार्डांवर अर्ध्या इंचापेक्षा कमी. तेवढा माझा श्वासच असतो. वजन मी करतो ते फक्त विचित्र गोळी पकडायला, एखादी सगळ्यांपेक्षा ग्रेनभर हलकी निघाली म्हणजे आत शिशात काहीतरी गडबड आहे, ती सरळ बाजूला. काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवा, पंखा आणि एसी बंद, आणि टेस्ट वेट दर दहा गोळ्यांनी. बायकोच्या भाषेत सोनारकाम.

व्यास मोजायला कॅलिपर चालत नाही, इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा मायक्रोमीटर हवा, रॅचेटने फिरवायचा, पिळायचा नाही. बोटटेल सुरू होतो त्याच्या जरा वर काही गोळ्यांना बारीकशी फुगीर कडा असते, तिला प्रेशर रिंग म्हणतात, तिथे एक माप आणि मधे एक. दहा गोळ्या पुरे. दोन लॉटमध्ये फरक दिसला तर मोजमाप थांबवायचं कारण नाही पण वेगात फरक येणार हे गृहीत धरायचं.

पूर्ण लांबी मघाशी मोडीत काढली, पण एका कामाला ती येते. बेस-टू-ओजाइव्ह दोन्ही लॉटचं सारखं आणि पूर्ण लांबीची सरासरी मात्र दहाएक थाउने वेगळी, असं झालं तर नाक लांब किंवा टोक वेगळ्या पद्धतीने मिटलेलं आहे, म्हणजे हवेचा विरोध थोडा वेगळा. बॅलिस्टिक कोइफिशन्ट (गोळी हवा किती सहज कापते त्याचा आकडा) एक टक्क्याने बदलला तर १००० यार्डांवर वरखाली दीड-दोन इंच जातात, आणि १०० यार्डांवर त्यातलं काहीही दिसत नाही. कॅल्क्युलेटरमध्ये आपली गोळी आणि आपला वेग टाकून एकदा स्वतः बघा, कुठल्या गोष्टीमागे धावायचं आणि कुठल्या सोडायच्या ते तिथेच कळतं.

मोजून झालं, आता मारून बघायचं. लॉट बदलला की मी थेट मॅचच्या लोडवर जात नाही, पावडर कमी करून, लोडिंग मॅन्युअलच्या मर्यादेत पायरी पायरीने वर येतो, प्रत्येक पायरीला पुंगळीचं बूड आणि प्रायमर बघतो, बोल्ट जड उघडतोय का बघतो. कंटाळवाणं आहे, पण ह्यात शॉर्टकट नाही. एकदा जुन्या लोडपर्यंत आलो की वीस जुन्या आणि वीस नव्या, एकाच पुंगळ्यांच्या बॅचमध्ये, एकाच पावडरच्या डब्यातून. (अहो पावडरचाही लॉट असतो आणि तो गोळीपेक्षा जास्त छळतो. दोन्ही एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कोणी काय केलं ते शेवटपर्यंत कळणार नाही.) ह्या वीस जुन्या मास्टरमधून नाही, चालू डब्यातून घ्यायच्या, म्हणून डबा पूर्ण संपायच्या आधीच हे सगळं करायचं. परत एक जुनी, एक नवी, असं आलटून पालटून मारायचं म्हणजे नळी तापणं आणि उन्हाचा बदल दोघांना सारखा वाटला जातो. रडारवाला क्रोनोग्राफ असेल तर बरं, नळीला काही बांधावं लागत नाही.

पाच-पाच शॉटच्या ग्रुपवरून निकाल लावू नका, पाच शॉटमध्ये वाईट लॉटही सुंदर दिसतो, मी तसे फोटो काढून मित्रांना पाठवलेत आणि नंतर पस्तावलोय. वेगाची सरासरी बघा, आणि १००० यार्डांवर फक्त उंची बघा, आडवं काय झालं ते वाऱ्याचं खातं.

वेगातला फरक ३-४ फुटांचा असेल तर मी काही करत नाही, साइटर शॉटमध्ये (सुरुवातीचे, नेम जुळवायचे शॉट) तो निघून जातो. दहाच्या वर गेला तर पावडर किंचित बदलून जुन्या वेगावर आणतो, अर्थात दाबाची लक्षणं नसतील तरच. वेग जुळला आणि तरी नवा लॉट सतत उंचीत जास्त पसरत असेल तर सीटिंग डेप्थ (गोळी पुंगळीत किती आत बसवायची ते) दोन-तीन जागी बदलून बघतो, आणि तरी नाही जमलं तर त्याच्या डब्यावर "३०० यार्ड" असं लिहून टाकतो, सरावाला खपतात. अजून तरी असा एकच डबा निघालाय.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हे काम कमी वेळा करायला लागावं असं बघणं. माझी नळी दोनेक हजार राउंड चालते, म्हणून नवीन नळी घेतली की तिच्या आयुष्याला पुरतील एवढ्या गोळ्या एकाच लॉटच्या घेतो. दुकानात फोन करून सरळ विचारायचं, एकाच लॉटचे चार डबे आहेत का, स्टिकर वाचून दाखवा. पहिल्यांदा मला लाज वाटली होती, किराणावाल्याला एकाच पोत्यातले तांदूळ द्या म्हटल्यासारखं, पण काउंटरवरचा माणूस म्हणाला, थांबा, आत जाऊन बघतो, तुम्ही आज विचारणारे तिसरे.